गळापासून काठीकडे : तापीकाठच्या कार्पसाठी साधनांची जमवाजमव

कार्प कुळातल्या माशांच्या जबड्यात दात नसतात. दात असतात घशात, कल्ल्यांच्या मागच्या हाडावर, आणि अन्न तिथे दळले जाते. त्यामुळे हा मासा आमिषावर झडप घालत नाही की चावा घेत नाही. ओठ पुढे काढून तो पाण्यासकट अन्न ओढून घेतो, तोंडात चाचपतो आणि खटकले की तितक्याच झटकन बाहेर टाकतो. ओढणे आणि टाकणे यांच्यामधल्या क्षणात गळ लागला तर मासा, नाहीतर भिजलेली कणीक. गळ, दोरा, शिसे, काठी, रीळ यांची सगळी निवड या एका सवयीवर ठरते.

नवखा माणूस मात्र खरेदी दुसऱ्या टोकाने करतो. दुकानात शिरताच तो काठी हातात घेऊन हवेत दोनदा हलवून पाहतो. मग तिला शोभेल असे चकचकीत रीळ, मग दुकानदार देईल तो दोरा, आणि सुट्या पैशांत गळाची एक पुडी. क्रम नेमका उलटा हवा. आधी पाणी आणि मासा, मग त्या माशाच्या तोंडाला साजेसा गळ, गळाच्या तारेला पेलेल असा दोरा, दोऱ्याच्या ताकदीची काठी आणि सर्वांत शेवटी रीळ. या क्रमाने गेले तर पैसेही वाचतात, कारण किमती साधारण याच क्रमाने चढत जातात आणि महाग वस्तू घेताना काय हवे ते आधीच ठरलेले असते.

सूरतच्या आसपास पाणी तीन प्रकारचे आहे. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावून, खानदेश ओलांडून सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास करत तापी इथे समुद्राला मिळते. वाटेत १९७२ साली पुरे झालेल्या उकाई धरणाने वल्लभसागर हा अफाट जलाशय तयार केला. तो तुडुंब भरला की पाणी सुमारे ६०० चौरस किलोमीटर पसरते आणि फुगवटा नंदुरबार जिल्ह्यात नवापूरकडे शिरतो. जळगाव, धुळे, नंदुरबारहून येऊन उधना-लिंबायतला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ही नदी गावाकडून ओळखीची आहे. उकाईच्या खाली काकरापारचा बंधारा, आणि शहराच्या तोंडाशी सिंगणपोरचा बंधारा-कॉजवे. या शेवटच्या बंधाऱ्याने गोडे पाणी आणि भरतीचे पाणी वेगळे केले आहे. त्याच्या खाली मगदल्ला, हजिरा, डुमसकडे खाडीतली मासेमारी. तिथे कार्पची साधने घेऊन जाण्यात अर्थ नाही, खाऱ्या पाण्याने ती खराबच होतील. कार्पसाठी मोठा जलाशय, बंधाऱ्यामागचे संथ पाणी आणि खेड्यांतले तलाव एवढीच ठिकाणे उरतात.

या पाण्यांत सापडणारे कटला, रोहू आणि मृगळ मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. साठलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. म्हणून एकेकाळी त्यांचे बीज पुराच्या वेळी नदीतूनच गोळा करावे लागे. डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात पियुष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रजनन घडवून आणले आणि देशभरच्या तलावांना बीज मिळू लागले. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो त्यामुळेच. परदेशी मंडळीही त्याच सुमारास आली. महाराष्ट्रात सायप्रिनस म्हणून ओळखला जाणारा कॉमन कार्प १९३९ साली निलगिरीत आणि पुन्हा १९५७ साली बँकॉकहून आला. चंदेरा म्हणजे सिल्व्हर कार्प आणि गवत्या म्हणजे ग्रास कार्प, हे दोघे १९५९ सालचे. उकाईतही कटला-रोहूचे बीज सोडले जाते. तेव्हा गळाला लागणारा कार्प बहुधा माणसानेच आणून सोडलेल्या पिढीचा असतो.

यांतल्या मुख्य चौघांची तोंडे चार तऱ्हेची. कटल्याचे डोके मोठे, खालचा जबडा पुढे आलेला आणि तोंड वरच्या बाजूला वळलेले. तो पाण्याच्या वरच्या थरात सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहूच्या ओठांना झालरीसारखी कड असते आणि तो मधल्या थरात चरतो. मृगळाचे तोंड रुंद आणि खाली, खाणे तळाचे. सायप्रिनस हा तळ उकरणारा. त्याच्या तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या आहेत, तोंड नळीसारखे पुढे येते आणि तो चिखल चाळून अळ्या, दाणे, गांडुळे वेचतो. चंदेरा जवळजवळ सगळे गाळूनच खातो, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळी साधने घेण्याच्या भानगडीत पहिल्या वर्षी तरी पडू नये. एवढे कळले की गळ वर टांगायचा, मध्ये सोडायचा की तळाला टेकवायचा हे ठरते आणि निम्मी यादी आपोआप तयार होते.

गळाच्या क्रमांकाचा नियम नवख्याला गोंधळात टाकतो, कारण आकडा वाढला की गळ लहान होतो. १० क्रमांकाचा गळ ४ क्रमांकाच्या गळाहून बारीक. त्याहून मोठ्यांची मोजणी १ नंतर १/०, २/० अशी उलट चढत जाते. तलावातल्या किलो-दोन किलोच्या रोहू-मृगळासाठी ८ ते १०, सायप्रिनससाठी ६ किंवा ८ आणि जलाशयातल्या मोठ्या कटल्यासाठी ४ किंवा २ एवढ्यात काम भागते. हे आकडे सर्व कंपन्यांत तंतोतंत सारखे नसतात, म्हणून पुडीवरच्या आकड्यापेक्षा गळ बोटांत धरून पाहिलेला बरा.

आकाराहून महत्त्वाची घडण. कार्पसाठी दांडा आखूड, वळण रुंद आणि तार जाड असा गळ हवा. लांब दांड्याचा गळ मऊ ओठात तरफेसारखा फिरतो आणि भोक मोठे करून निसटतो. बारीक तारेचा गळ चटकन रुततो खरा, पण मोठ्या माशाच्या ओढीने सरळ होतो. टोकाची धार नखावर पाहतात. टोक नखावर हलकेच ओढले असता ओरखडा उठला तर गळ धारदार. नुसता घसरला तर तो नवा असला तरी टाकून द्यावा. गळाचा काटा, म्हणजे टोकामागचा उलटा दात, पकडीने दाबून सपाट केला तर मासा सोडताना ओठ फाटत नाही. आणि गळ माणसाच्या बोटात रुतला तर दवाखाना गाठायची वेळ येत नाही. दोरा ताणलेला ठेवला की काट्यावाचूनही मासा सुटत नाही, हे अनुभवी लोक मान्य करतात. नवख्यांना ते पटायला वेळ लागतो.

आमिष गळावर कसे चढवायचे, यातही माशाच्या सवयीचा हात आहे. कणकेचा गोळा गळावर पूर्ण लपेटला तर मासा तो ओढतो, टोक गोळ्यातच दडलेले राहते आणि मासा सगळे बाहेर फेकून मोकळा होतो. इंग्लंडमध्ये लेन मिडलटन आणि केविन मॅडॉक्स यांनी १९८० च्या आसपास यावर एक साधी युक्ती रूढ केली. आमिष गळावर न लावता गळापासून निघालेल्या केसाएवढ्या बारीक धाग्याला लटकवायचे आणि गळ उघडाच ठेवायचा. मासा आमिष ओढतो, मागून गळही तोंडात जातो आणि बाहेर फेकताना उघडे टोक खालच्या ओठात रुतते. यासाठी लागते एक बारीक सुई, थोडा मऊ धागा आणि उकडलेला मक्याचा दाणा किंवा हरभरा. खर्च जवळपास शून्य आणि फरक मात्र नव्या काठीने पडणार नाही इतका. आपल्याकडे कटल्यासाठी वेगळी रीत चालते. तारेच्या स्प्रिंगभोवती पिठाचा गोळा दाबतात आणि बाजूने चार-पाच गळ मोकळे सोडतात. गोळा विरघळत जातो, त्याच्या ढगात कटला तोंड उघडून शिरतो आणि एखादा गळ आत ओढला जातो. ही रीत परिणामकारक आहे, पण गळ कधी डोळ्याजवळ, कधी कल्ल्यात लागतो. मासा परत सोडायचा असेल तर ती टाळलेली बरी.

आता दोरा. कोकणात ज्याला तंगूस म्हणतात तो नायलॉनचा एकेरी तंतू. ड्यू पाँट कंपनीने नायलॉन जगासमोर आणले १९३८ साली. त्याआधी गळाजवळच्या बारीक तुकड्यासाठी रेशीमकिड्याची रेशीमग्रंथी ताणून केलेली तात वापरत आणि मुख्य दोर रेशमाचा किंवा सुताचा असे. सूरतच्या वाचकाला धाग्याची जाडी डेनिअरमध्ये सांगितली तर लगेच उमगते. ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनिअर. मासेमारीच्या दोऱ्यावर मात्र व्यास मिलिमीटरमध्ये आणि तुटण्याची ताकद पौंडांत किंवा किलोत छापतात. हिशेब केला तर ०.३० मिलिमीटर जाडीचा नायलॉन सुमारे ७२५ डेनिअरचा भरतो. साडीच्या सुताचा आकडा बहुधा शंभराच्या आत असतो आणि ते सूत अनेक तंतू मिळून झालेले असते. इथे एकच भरीव तंतू सगळा ताण सोसतो, म्हणून त्याला एका जागी जरी ओरखडा गेला तरी दोरा तिथेच तुटणार.

गावच्या तलावासाठी ०.२५ ते ०.२८ आणि उकाईच्या फुगवट्यासाठी ०.३० ते ०.३५ मिलिमीटरचा दोरा पुरतो. ताकद साधारण १० ते १५ पौंड, म्हणजे साडेचार ते सात किलो. सात किलोच्या दोऱ्याने दहा किलोचा मासा कसा निघेल, ही शंका नेहमीची. पाण्यात माशाचे वजन जवळजवळ शून्य असते. दोऱ्यावर येते ती त्याची ओढ. ती ओढ काठी वाकून आणि रीळ दोरा सोडून झेलते. तुटतो तो दोरा बहुतेक वेळा गाठीपाशी. गाठ आवळण्याआधी थुंकीने किंवा पाण्याने ओली करतात ती अंधश्रद्धा नाही. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते आणि नायलॉन तिथे कमजोर पडतो.

हल्ली पॉलिथिलीनच्या बारीक तंतूंचा विणलेला दोराही मिळतो. जाडीच्या मानाने तो फारच मजबूत आणि जवळजवळ न ताणला जाणारा. विक्रेते त्याची भलामण करतात, पण कार्पच्या मुख्य दोऱ्यासाठी तो नवख्याने घेऊ नये. नायलॉन ओढीखाली थोडा लांबतो आणि माशाचा हिसका पोटात घेतो. विणलेला दोरा तो सगळा हिसका मऊ ओठावर टाकतो. गळाजवळच्या वीतभर तुकड्यासाठी मात्र तो मऊ असल्याने उत्तम. हा तुकडा मुख्य दोऱ्यापेक्षा कमी ताकदीचा ठेवायचा, आणि शिसे असे ओवायचे की दोरा तुटल्यास ते निसटून पडेल. मासा फार तर एक गळ घेऊन जातो, शिशाचे लोढणे घेऊन नाही. तापीत बंधाऱ्यामागे जलपर्णी माजते तेव्हा दोरा अडकून तुटणे रोजचे असते, म्हणून सूरतेत ही काळजी जास्तच घ्यावी लागते.

दोरा ठरला की काठीचा हिशेब सोपा होतो. युरोपात कार्पच्या काठीवर टेस्ट कर्व्ह नावाचा आकडा छापलेला असतो. काठी आडवी धरून टोक काटकोनात वाकवायला जेवढे वजन लागते, तेवढे पौंड. कार्पच्या मासेमारीला शिस्त लावणाऱ्या रिचर्ड वॉकर या इंग्रजाने दिलेला आडाखा असा की, या आकड्याला ५ ने गुणले की दोऱ्याची योग्य ताकद मिळते. उलट बाजूने, दोऱ्याच्या पौंडांना ५ ने भागले की काठी मिळते. १० पौंडांच्या दोऱ्याला २ पौंडांची काठी, १२ पौंडांच्या दोऱ्याला साधारण २.४ ची. १३ सप्टेंबर १९५२ रोजी रेडमायर तळ्यात ४४ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ २० किलोचा कार्प धरून इंग्लंडमधला विक्रम करणारा हाच वॉकर. त्याने रचलेली मार्क फोर ही बांबूची काठी फक्त दीड पौंड टेस्ट कर्व्हची होती. आज दुकानात तीन-साडेतीन पौंडांच्या काठ्या 'मोठ्या माशासाठी' म्हणून खपवल्या जातात. त्या दीडशे मीटर दूर शिसे फेकण्यासाठी आहेत. जिथे मासा काठापासून वीस पावलांवर चरतो अशा तलावावर त्यांचा उपयोग ओठ फाडण्यापलीकडे नाही.

भारतात मिळणाऱ्या बहुतेक काठ्यांवर टेस्ट कर्व्ह नसतो. फेकायच्या वजनाची कक्षा ग्रॅममध्ये असते. ढोबळ मानाने टेस्ट कर्व्हच्या एका पौंडाला एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम धरावे. ५०-६० ग्रॅम आरामात फेकणारी काठी म्हणजे दोन पौंडांच्या आसपासची. लांबी ९ ते १० फूट तलावाला, जलाशयाला १२. काचतंतूची काठी जड पण दणकट, आपटली तरी सहसा तुटत नाही; मुलांच्या हाती तीच द्यावी. कार्बनची काठी हलकी आणि चपळ, पण तिच्यातून वीज वाहते. विजेच्या तारांखाली ती उभी धरणे जिवावर बेतू शकते आणि वादळी हवेत तर काठी खाली ठेवून काठापासून दूर व्हावे.

घेताना काठी हवेत हलवून काही कळत नाही. कड्यांतून दोरा ओवून दुसऱ्याला तो खाली ओढायला सांगावे. काठी टोकापासून मुठीपर्यंत सलग कमानीत वाकली पाहिजे, मध्येच कोपर निघता कामा नये. कड्यांच्या आतून कापसाचा बोळा फिरवावा. तंतू अडकला तर तिथे तडा आहे आणि तो तडा दोरा कापत राहील. सांध्याला खडखड नसावी. या तीन परीक्षांत अनेक देखण्या काठ्या नापास होतात.

बांबूला विसरून चालणार नाही. सूरतच्या आग्नेयेला डांगच्या जंगलात माणवेल आणि कटस असे दोन बांबू मुबलक आहेत. त्यांतला माणवेल जवळजवळ भरीव, ज्याच्या लाठ्या होतात तो. एकोणिसाव्या शतकात याच जातीचा बांबू कलकत्त्याहून इंग्लंड-अमेरिकेत जाई आणि त्याच्या पट्ट्या चिरून, चिकटवून तिथे भारी काठ्या बनत. पुढे चीनमधल्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. दहा-बारा फुटांची सरळ, सावलीत वाळवलेली माणवेलीची काठी, टोकाला बांधलेला तेवढ्याच लांबीचा दोरा, एक तरंगी आणि एक गळ, एवढ्यावर गावच्या तलावातले रोहू पिढ्यान्‌पिढ्या निघत आले आहेत. सुरुवात इथून करणाऱ्याला माशाची ओढ हातात कळते. रीळ असले की ती अर्धी यंत्रात जिरते.

रीळ शेवटी घ्यायचे असले तरी त्याची गोष्ट सूरतकरांनी ऐकावी अशी आहे. १९०५ साली ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ या गिरणीमालकाने एका नव्या रिळाचे पेटंट घेतले. तोवरची रिळे चाकासारखी फिरत आणि दोरा फेकताना त्या चाकाला गती द्यावी लागे. हलके आमिष दूर जातच नसे. इलिंगवर्थच्या गिरणीत रोज डोळ्यांसमोर होते ते असे की, बॉबिन जागेवर उभी राहते आणि सूत तिच्या तोंडावरून सुळसुळत निघून जाते. रिळाचे तेच केले. दोऱ्याची फिरकी स्थिर, दोरा तिच्या कडेवरून सुटणार, आणि परत गुंडाळताना एक कमान फिरकीभोवती फिरून तो वळवणार. आज जगात सर्वाधिक खपणारे स्पिनिंग रीळ त्याच कल्पनेवर चालते. गिरणीतला दोषही त्याच्यासोबत आला. स्थिर बॉबिनवरून सूत निघाले की दर वेढ्याला एक पीळ पडतो. मासा दोरा ओढून नेत असताना हँडल फिरवत राहणारा माणूस दोऱ्यात शेकडो पीळ भरतो आणि पुढच्या फेकीला गुंता झाला की दोरा वाईट म्हणून दुकानदाराशी भांडतो.

कार्पसाठी ३००० ते ५००० मापाचे रीळ पुरेसे. त्यावर ०.३० मिलिमीटरचा दीडशे-दोनशे मीटर दोरा मावला म्हणजे झाले. फिरकी कडेपासून दोन मिलिमीटर खालपर्यंत भरावी. कमी भरली तर फेक तोकडी पडते, काठोकाठ भरली तर वेढे आपोआप उड्या मारतात. बेअरिंगांची संख्या हा निव्वळ विक्रीचा आकडा आहे; दहा हलक्या बेअरिंगांपेक्षा चार चांगली बरी. पाहायचा तो ड्रॅग, म्हणजे ठरावीक ताणाला दोरा सोडणारा ब्रेक. दोऱ्याचे टोक तराजूच्या काट्याला बांधून ओढावे. दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याला दोरा सुटू लागला पाहिजे, आणि तोही धक्के न देता. काही रिळांना मागे एक खटका असतो. तो दाबला की मासा आमिष घेऊन पळताना दोरा मोकळा सुटतो आणि हँडल फिरवताच ब्रेक परत लागतो. तळाला आमिष टाकून बसणाऱ्याने या खटक्यासाठी थोडे जास्त पैसे मोजावेत, कारण सायप्रिनस आमिष घेतो आणि सरळ पळत सुटतो. काठी खुंटीवरून पाण्यात ओढली गेल्याचे किस्से प्रत्येक तलावावर आहेत.

किरकोळ सामानात तरंगी पहिली. बाजारात प्लास्टिकच्या रंगीत मिळतात, पण मोरपिसाच्या देठाची तरंगी बंगालमध्ये आणि इंग्लंडमध्येही जुने लोक अजून पसंत करतात. हलकी, संवेदनशील आणि फुकट. मोराने आपणहून गाळलेले पीस मात्र हवे. शिशाचे मणी दाताने दाबायची सवय वाईट, शिसे विषारी आहे. हंस मरू लागल्यावर ब्रिटनने १९८७ साली गळाच्या लहान शिशांवर बंदीच घातली. काठीला लावायचे घुंगरू कुठल्याही बाजारात मिळते आणि विजेच्या इशारायंत्राइतकेच काम करते. लांब दांड्याची जाळी मात्र गळाइतकीच आवश्यक. तिचे सूत गाठीविना विणलेले, मऊ असावे म्हणजे खवले निघत नाहीत. मासा सोडायचा असेल तर टेकवायला ओले गोणपाट आणि गळ काढायला लांब चिमटा. कार्पच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचे रोगांपासूनचे कवच आहे, म्हणून हात आधी ओले करावेत.

आमिषावर साधनांइतका पैसा कधीच खर्च होऊ नये. कणीक, शेंगदाण्याची पेंड, पाव, थोडे तूप, हिंग किंवा वेलची, मृगळ-सायप्रिनसला गांडूळ, मका भिजवून पूर्ण उकडलेला, कारण कोरडा दाणा माशाच्या पोटात फुगतो. एक हवाबंद डबा आणि एक बादली, बस्स. त्यापेक्षा पायांतल्या चपलांकडे लक्ष द्यावे. कार्पच्या पोटातली हवेची पिशवी हाडांच्या साखळीने कानाला जोडलेली असते आणि काठावरची धपधप त्याला चांगली ऐकू येते.

साधनांची हौस वाढत गेली की ती जमवण्याची हौस होते, आणि तिचे जग निराळे आहे. इंग्लंडमध्ये वॉकरच्या मार्क फोर काठ्या, विशेषतः बी. जेम्स अँड सन यांनी बनवलेल्या, आता मासे धरण्यापेक्षा भिंतीवर जास्त दिसतात. हार्डी कंपनीचे परफेक्ट रीळ, सुयांसाठी प्रसिद्ध असलेल्या रेडिचमधल्या ऑलकॉकचे गळ आणि रिळे, घड्याळांच्या गावी म्हणजे फ्रान्समधल्या क्लूझला बनलेली मिचेल रिळे, यांना संग्राहक शोधत असतात. भारतात असे सामान जुन्या बंगल्यांतून आणि थंड हवेच्या ठिकाणांतून निघते. मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधल्या हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' आणि १८८७ साली 'टँक अँगलिंग इन इंडिया' ही पुस्तके लिहिली. दुसरे खास तलावातल्या मासेमारीवर आहे आणि त्या काळी इथे काय वापरत, हे समजायला उपयोगी पडते. जुने पितळ घासून चकचकीत केले की त्याची किंमत उतरते. चिरलेल्या बांबूची काठी प्लास्टिकच्या नळीत कोंडली तर सूरतच्या दमटपणात सांधे सुटतात. ती कापडी पिशवीत घालून टांगून ठेवतात. सध्याची साधने हाताळून पाहायची असतील तर मुंबईला १८९१ सालच्या पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे. तिथे हौशी मंडळी कटला-रोहूसाठीच बसतात.

सगळे जमले तरी पाणी कोणाचे हे विचारल्यावाचून दोरा टाकता येत नाही. गुजरातमध्ये २००३ चा मत्स्योद्योग कायदा आहे. जलाशयाच्या आणि गावतलावांच्या मासेमारीचे हक्क सहकारी संस्थांकडे किंवा ठेकेदारांकडे असतात, शहरातले सुशोभित तलाव बहुधा बंद असतात आणि धरणाच्या भिंतीजवळ जाऊच नये. पावसाळ्यात, माशांच्या विणीच्या काळात मासेमारी बंद ठेवतात. त्या तारखा मत्स्योद्योग कार्यालयात विचाराव्यात. ते बंदीचे दिवस सामान दुरुस्त करण्यासाठी योग्य असतात. रिळाचा ब्रेक सैल करून ठेवावा, नाहीतर आतल्या चकत्या दबून राहतात. गळ कोरडे करून बंद डबीत, एखादी सिलिका पुडी टाकून ठेवावेत. नायलॉन उन्हाने ठिसूळ होतो, म्हणून खिडकीशी ठेवलेला दोरा हंगामाच्या सुरुवातीला बदलावा आणि जुना दोरा बोटभर तुकडे करूनच कचऱ्यात टाकावा. तलावाकाठी पडलेल्या लांब दोऱ्यात बगळ्यांचे पाय अडकतात.